पहिला हिवाळा कुठे काढायचा

एस्पो, फिनलंड
नागपंचमी

चि. सोनी हिस अनेक आशीर्वाद.

एस्पो आणि औलू, दोन्हींपैकी कुठलंही ऑफिस निवड असं कंपनीने तुला सांगितलंय, हे दादाने फोनवर कळवलं. वहिनीचं मत तर ठरूनच गेलंय. आत्या एस्पोत, मराठी माणसं एस्पोत, गणपती एस्पोत, मग पोरीने सहाशे किलोमीटर आणखी वर एकटीने कशाला जायचं? तिची काळजी मला समजते. तू माझ्याजवळ राहिलीस तर मला किती आनंद होईल, हे काय सांगायला हवं! तरीही माझं मत विचारशील तर तू औलूला जा.

कारण तुझी टीम तिथे आहे. नोकियाचं रेडिओ तंत्रज्ञानाचं मोठं केंद्र औलूत आहे आणि त्याच्या आधाराने तिथे सगळी दूरसंचाराची वस्ती वाढली. तू एस्पोच्या ऑफिसात बसून दिवसभर औलूच्या लोकांशी स्क्रीनवर बोलणार असशील, तर एस्पोत राहून तुला मिळणार काय? शनिवार-रविवारची मराठी माणसं. सोमवार ते शुक्रवार तू एकटीच.

आपल्या आजोबांचं आठव. खानापूर, आटपाडी, इकडे माण-खटाव, या पट्ट्यात पाऊस कधी भरवशाचा नव्हताच. शेतीवर भागेना म्हणून माणसं गलाईच्या धंद्याला देशभर पांगली, आणि 1972च्या दुष्काळाने उरलेसुरलेही बाहेर पडले. आजोबा विट्याहून त्रिशूरला गेले तेव्हा गावाकडचं कोण कुठे राहतं हे त्यांनी नंतर विचारलं. आधी विचारलं, सराफी पेठ कुठली? त्याच गल्लीत खाली भट्टी आणि वर माडीवर बिऱ्हाड. सोनं गाळायला, शुद्ध करायला देणं हा भरवशाचा व्यवहार. जो माणूस रोज सकाळी समोर दिसतो, त्याच्याच हातात सोनार आपलं सोनं ठेवतो. मल्याळम ते त्या गल्लीतच शिकले.

वहिनीच्या वडिलांची गोष्ट वेगळी होती. जावळीतून मुंबईला गेलेला माथाडी गावाच्या खोलीतच उतरायचा. एका खोलीत गावची पंधरा-वीस माणसं, पाळीपाळीने झोपायचं. 1969चा माथाडी कायदा येण्याआधी आज काम मिळालं तर उद्याची खात्री नसे. आजारी पडलं तर बघणार कोण? गावाची खोली. म्हणून वहिनी ‘आपली माणसं’ म्हणते तेव्हा त्यामागे तिच्या घरानं सोसलेलं असतं, तिला उलट बोलू नकोस. पण तुझ्या हातात पगार आहे, करार आहे, सरकारी दवाखान्याचा हक्क आहे. तुला कमी पडणार आहेत ती कामावरची माणसं. इथला माणूस अनोळख्याशी फारसा बोलत नाही, पण अकरा वाजता एकत्र जेवायला बसणाऱ्याला हिवाळाभरात आपला मानतो. मी औलूत राहिलेली आहे, हे अनुभवाने सांगते.

आता अंधाराचं. सांगलीत डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस सुमारे 11 तासांचा, इथे एस्पोत पावणेसहा तासांचा आणि औलूत साडेतीन तासांचा. हे आकडे वाचून दादा घाबरलाय. पण कामाला जाताना अंधार आणि परतताना अंधार हे दोन्हीकडे सारखंच. खरा फरक बर्फाचा आहे. इकडे दक्षिणेत नोव्हेंबर म्हणजे पाऊस, चिखल आणि काळेभोर ओले रस्ते. डिसेंबरातही बर्फ पडतो, वितळतो, पुन्हा पडतो. औलूत बर्फ एकदा बसला की बहुधा एप्रिलपर्यंत टिकतो, आणि रस्त्यावरच्या एका दिव्याचा उजेड त्या पांढऱ्यावरून दुप्पट होतो. मला एस्पोतला नोव्हेंबर औलूतल्या जानेवारीपेक्षा जड जातो. जूनमध्ये मात्र तिथे 22 तास सूर्य असतो, तेव्हा जाड पडदे लागतील.

घराबद्दल मात्र माझं नीट ऐक. औलूत भाडं हेलसिंकी-एस्पोपेक्षा बरंच कमी आहे. जे वाचेल ते बँकेत टाकू नकोस, जवळ राहण्यावर खर्च कर. तुझं ऑफिस विद्यापीठाकडे, लिनानमा भागात आहे ना? मग तुइरा बघ. नदीच्या पलीकडे शहराचा मध्य, अलीकडे ऑफिस, आणि दोन्हीकडे सायकलने जाता येतं. हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद 2013 साली औलूतच भरली होती. तिथे सायकलच्या वाटांवरचा बर्फ सकाळी लोटून काढतात. दूरचं स्वस्त घर घेऊन उणे वीसमध्ये बसथांब्यावर उभं राहणं पहिल्या वर्षी नको.

खोली दक्षिणेकडे उघडणारी घे, आणि खिडकीसमोर उंच झाडं नकोत. घर उबदार ठेवण्याचा खर्च बहुधा भाड्यातच असतो, पाण्याचे पैसे माणशी वेगळे घेतात; दोन्ही आधी विचार. अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, तसा कायदा आहे. करार बेमुदतीचा असेल तर एका महिन्याची नोटीस देऊन तुला निघता येतं. ठरावीक मुदतीच्या करारातून मध्येच सुटणं कठीण. सुरुवातीला बेमुदतीचाच माग, म्हणजे औलू मानवलं नाही तर माझ्याकडे यायला वाट मोकळी राहील. अंधारात चालताना कोटाला परावर्तक लावणं इथे कायद्यानेच बंधनकारक आहे. पहिल्याच दिवशी विकत घे.

दिवाळीला माझ्याकडे यायचंच. दिवसाची गाडी साधारण सहा तास घेते, रात्रीचीही आहे. हे पत्र वहिनीला मोठ्याने वाचून दाखव, आणि बर्फाचा भाग दादाला दोनदा. घर पसंत पडलं की कराराचा कागद आधी मला पाठव, मी तो वाचल्याशिवाय सही करू नकोस.

तुझी,
आत्या