नेरेझीचा शोक

उत्तर मॅसिडोनियात, स्कोप्ये शहराला लागून असलेल्या वोदनो डोंगराच्या उतारावर नेरेझी गावातील संत पँटेलेइमोनचे चर्च आहे. बायझंटाइन राजघराण्यातील अलेक्सिओस याने ते 1164 मध्ये बांधवले, असे आतल्या दारावरील शिलालेख सांगतो. वास्तू लहानशीच. दगड आणि विटांचे थर, क्रुसाच्या आकाराचा गाभा, वर पाच घुमट. मधला मोठा, चार कोपऱ्यांवरचे छोटे. बाहेरून पाहता फारसे काही नजरेत भरत नाही.

खरे वैभव आतल्या भिंतींवर आहे. 1555च्या भूकंपात वरची बरीच चित्रे गेली आणि नंतर ती नव्याने रंगवण्यात आली. खालच्या भागातील बाराव्या शतकातील मूळ चित्रेही पुढे नव्या रंगाखाली झाकली गेली. ती उघडी झाली 1920च्या दशकात.

त्यांतले उत्तर भिंतीवरचे शोकदृश्य मुद्दाम थांबून पाहावे असे. क्रुसावरून उतरवलेल्या येशूला मेरीने मांडीवर, अगदी कवेत घेतले आहे. तिचा गाल त्याच्या गालाला भिडलेला. भुवया वर ओढलेल्या, डोळ्यांखाली दुःखाच्या गडद रेघा. शिष्य योहान कमरेत पार वाकून येशूचा हात तोंडाशी नेतो. मागे गडद निळे आकाश. बायझंटाइन चित्रे ताठ आणि निर्विकार असतात, हा समज इथे टिकत नाही. इटलीतील पादुआ येथील चित्रकार जोत्तोच्या शोकदृश्याशी याची नेहमी तुलना होते. पण ते सुमारे 140 वर्षांनंतरचे. नेरेझीच्या चित्रकाराचे नाव मात्र कुठेच नोंदलेले नाही.