चित्रांचा रोजमेळ

पेढीवरच्या जुन्या वह्या चाळताना एक गोष्ट सहज ध्यानी येते. ज्या दिवशी मोठा सौदा झाला तो दिवस आणि ज्या दिवशी केवळ दिव्याच्या तेलाचे चार आणे खर्ची पडले तो दिवस, दोन्ही एकाच वळणाच्या अक्षरात आणि एकाच शाईने लिहिलेले असतात. काहीही न घडलेल्या दिवसालाही त्याची तारीख मिळते. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंग्स्टन या छायाचित्रकाराने असाच एक रोजमेळ अठरा वर्षांहून अधिक काळ ठेवला. फरक एवढाच की त्याच्या नोंदी अक्षरांत नव्हत्या.

त्याने ही वही उघडली ती तारीख होती ३१ मार्च १९७९. आपल्याकडे त्या दिवशी वर्षाचा हिशेब मिटवण्याची घाई असते. तिकडे बावीस वर्षांचा एक तरुण त्याच दिवशी आपला हिशेब सुरू करत होता. अर्थात तेव्हा त्यालाही याची कल्पना नव्हती. न्यूयॉर्क राज्यातील बार्ड कॉलेजात तो शिकत होता, हाती नवा कॅमेरा होता आणि तो अधूनमधून छायाचित्रे काढत होता. काही आठवड्यांनी त्याच्या लक्षात आले की दिवसाला साधारण एक चित्र निघते आहे. मग त्याने ठरवले की हे असेच चालू ठेवायचे: दिवसाला एक चित्र, एकच.

हा कॅमेरा पोलरॉइड कंपनीचा, एसएक्स-७० नावाचा. १९७२ साली बाजारात आलेला हा कॅमेरा घडी करून कोटाच्या खिशात ठेवता येत असे. बटण दाबले की चौकोनी चित्र तिथल्या तिथे बाहेर येई, आणि फिकट कोऱ्या पृष्ठावर काही मिनिटांत रंग उमटत जात. भोवती पांढरी किनार, खालच्या बाजूला थोडी रुंद. निगेटिव्ह नाही, त्यामुळे दुसरी प्रत नाही. एका पाकिटात दहा चित्रे. ती संपली की नवे पाकीट विकत घ्यायचे. बोट फिरवून नको असलेले चित्र पुसून टाकण्याची आजची सोय तेव्हा नव्हती. निघाले ते निघाले, आणि त्याचे पैसेही मोजून झालेले.

अशा साधनाने जेमीने काय टिपले? मित्रमैत्रिणी, जेवणाची ताटे, रस्ते, बेसबॉलचे सामने, कधी स्वतःचा चेहरा. त्यातील कित्येक चित्रे एकेकटी पाहिली तर कुणी दुसऱ्यांदा पाहणार नाही. पण त्याचा नियम किती कडक होता, हे त्याच्या एका मैत्रिणीने सांगितलेल्या आठवणीवरून कळते. दोघे एकदा जात असता त्यांच्यासमोर सर्कशीचा एक विलक्षण देखावा आला. हत्ती आणि हत्तींच्या पाठीवर स्वार झालेले गोरिला, असे तिने त्याचे वर्णन केले आहे. ती म्हणाली, आजचे चित्र मिळाले! जेमीने नकार दिला. त्या दिवशी त्याने आपल्या दुपारच्या जेवणाचे चित्र आधीच काढले होते, तेव्हा आजची नोंद झाली. जेमी स्वतः सर्कशीत कामे करणारा कलावंत होता, त्यामुळे या दृश्याचे मोल त्याला कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. तरीही जेवण राहिले आणि हत्ती गेले.

हा हट्ट प्रथम वेडेपणाचा वाटतो. परंतु रोजमेळ लिहिणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल. संध्याकाळी मोठे गिऱ्हाईक आले म्हणून सकाळची किरकोळ विक्री कुणी खोडत नाही. ज्या वहीत केवळ नफ्याचे दिवस लिहिले आहेत, ती वही शेजाऱ्याला दाखवायला बरी; तिच्यावरून दुकान कसे चालले हे मात्र कळत नाही.

१९९७ पर्यंत हा क्रम चालला. त्या वर्षीच्या चित्रांत हळूहळू बदल दिसतो. कॅमेऱ्यामागचा माणूस चित्रांत अधिक दिसू लागतो. त्याच्या डोक्यावर शस्त्रक्रियेच्या खुणा आहेत, मग रुग्णालय आहे. त्याला कर्करोग झाला होता. ऑक्टोबरच्या आरंभी अंगठीचे चित्र येते आणि पाठोपाठ विवाहाचे. त्यानंतर पुन्हा रुग्णालय. २४ ऑक्टोबरच्या चित्रात खोलीत एक मित्र वाद्य वाजवत बसलेला आहे. दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, जेमीचे निधन झाले. त्या दिवशी त्याचा एक्केचाळिसावा वाढदिवस होता.

मागे राहिलेल्या या ठेव्याचे काय करावे, हा प्रश्न त्याच्या मित्रांपुढे होता. ह्यू क्रॉफर्ड आणि बेट्सी रीड या दोघांनी तारखेच्या क्रमाने सारा संग्रह लावला आणि २००७ साली, मृत्यूला दहा वर्षे होत असताना, जेमीच्याच बार्ड कॉलेजात त्याचे प्रदर्शन मांडले. सात फूट उंच आणि एकशेवीस फूट लांब जागेत ६,६९७ चित्रे. याच कामासाठी क्रॉफर्ड यांनी ती चित्रे इंटरनेटवरही ठेवली होती. मित्रांना पाहता यावीत, एवढाच हेतू. त्यावर ना जेमीचे नाव होते, ना काही खुलासा.

२००८ च्या मे महिन्यात ख्रिस हिगिन्स या अमेरिकन लेखकाला ती चित्रे अचानक सापडली. कुणाची आहेत ते ठाऊक नाही, संग्रह कशासाठी आहे तेही ठाऊक नाही. तो एकेक वर्ष पाहत गेला. ओळखीचे होत गेलेले चेहरे, बदलत गेलेली घरे, मग आजार, अंगठी, विवाह, रुग्णालय आणि एकाएकी संपलेली तारखांची रांग. एका शब्दाच्या साहाय्याशिवाय त्याला त्या अनोळखी माणसाचे आयुष्य आणि मरण दोन्ही कळले. त्याने हे लिहिले आणि पाहता पाहता असंख्य लोक त्या चित्रांकडे वळले. केवळ मित्रांसाठी ठेवलेल्या जागी एवढी गर्दी लोटलेली पाहून क्रॉफर्ड स्वतःही चकित झाले.

येथे एक शंका मनात येते आणि ती टाळता येत नाही. एखाद्याच्या शेवटच्या आजारपणात परक्यांनी असे डोकवावे काय? जेमीला विचारण्याची सोय उरली नव्हती. प्रियजनाची खाजगी वही जगापुढे उघडी पडणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि मित्रांनी ती जाणूनबुजून उघडली नव्हती हेही खरे. परंतु त्याच्या रुग्णालयातील दिवसांशी परका माणूस पोहोचतो तो एकदम नव्हे. त्याआधी हजारो जेवणे, हजारो संध्याकाळी आणि कुणाच्या तरी दिवाणखान्यातील हसणे त्याच्या डोळ्यांखालून गेलेले असते. इतकी वाट चालून आलेल्याला केवळ बघ्या म्हणणे अन्यायाचे होईल. हत्तींऐवजी जेवण ठेवणाऱ्या त्या नियमाचे फळ येथे दिसते. हत्ती पाहून माणूस थबकतो आणि पुढे जातो. अर्धवट संपलेले ताट मात्र त्याच्याही घरी रोज असते.

आणि तारीख! तो धागा फार बळकट आहे. जेमीचे नावही न ऐकलेला माणूस या चित्रांपुढे आला की प्रथम शोधतो आपली जन्मतारीख, नाहीतर लग्नाची तारीख, किंवा वडील गेले ती तारीख. त्या दिवशी आपल्या घरी जे घडत होते ते घडत असताना न्यूयॉर्कमध्ये एका माणसाने आपल्या पुढ्यातील कशाचे तरी चित्र काढले, हे पाहताना त्याला एक विचित्र जवळीक वाटते. त्या दोघांची गाठ पडण्याचे काही कारणच नव्हते.

हिशेबी माणूस येथे आणखी एक बेरीज करून पाहील. ३१ मार्च १९७९ पासून २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत, दोन्ही दिवस धरून, ६,७८४ दिवस भरतात. चित्रे आहेत ६,६९७. म्हणजे मेळात सत्त्याऐंशींची तूट येते. ज्याची तारीख नेमकी त्या रिकाम्या दिवसांपैकी निघते, तो क्षणभर थांबतो. मग आदल्या दिवसाचे चित्र पाहतो, दुसऱ्या दिवसाचे पाहतो आणि मधल्या दिवशी काय असेल याचा अंदाज बांधत उभा राहतो.