चौदा महिन्यांनंतर

माझा भाचा हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासणीचे काम करीत असे. ते सुटून १४ महिने झाले. सदाशिव पेठेत ‘सध्या काय चाललंय?’ हा प्रश्न जिन्यातच गाठतो. म्हणून तो उशिरा घरी परतू लागला होता. त्याने माझ्यापुढे तीन वाटा मांडल्या : कृत्रिम बुद्धिमत्तेचा सात महिन्यांचा महागडा अभ्यासक्रम, सासऱ्यांच्या कापड दुकानात भागीदारी, नाहीतर एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात निम्म्या पगाराची नोकरी.

मला सरकारी बँकांमधील २०००-०१ ची स्वेच्छानिवृत्ती योजना आठवली. १५ वर्षे सेवा किंवा ४० वर्षे वय असले की अर्ज करता येई. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे जास्तीत जास्त ६० दिवसांचा पगार मिळे. सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. माझ्या दोन सहकाऱ्यांनी ती रक्कम आधी धंद्यात घातली आणि धंदा जमतो का, हे नंतर पाहिले. तिसरा वर्षभर एका करसल्लागाराकडे बिनपगारी बसला, मगच त्याने पाटी लावली. ती पाटी अजून आहे.

भाच्याला मी एवढेच विचारले, “भविष्य निर्वाह निधीला हात न लावता गृहकर्जाचे हप्ते किती महिने निघतील?” हिशेब पाच महिन्यांचा निघाला. अभ्यासक्रम त्यात बसत नव्हता; दुकानासाठी तर निधीच मोडावा लागला असता.

त्याने बँक पत्करली. पगाराचा आकडा सांगताना आवाज खाली गेला खरा, पण महिन्याभराने म्हणाला, “मामा, इथे चूक दाखवली की लोक आभार मानतात.”

रविवारी तो सासऱ्यांच्या गादीवर बसतो. कापड मोजताना अजून हात अडखळतो.