गाव कुठलं?

मॅक्लिओडगंज म्हणजे मोमोज, थुक्पा आणि बॅकग्राउंडला धौलाधार. फोटो तर भन्नाटच! पण एक सकाळ कॅमेरा बॅगेत टाका आणि कोराच्या, म्हणजे प्रदक्षिणेच्या वाटेवर चाला. माळ ओढत निघालेल्या आज्या तुम्हाला सहज मागे टाकतील.

दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आले, १९६० पासून त्यांचा मुक्काम इथेच. त्यांच्यामागून आलेल्यांची नातवंडं आता कॅफे चालवतात. अशाच एकाला, आपल्याच वयाच्या, मी टिपिकल मराठी प्रश्न टाकला, ‘‘गाँव कौनसा?’’

‘‘ल्हासा के पास,’’ तो कॉफी ओतत म्हणाला, ‘‘कभी देखा नहीं.’’

आपण दिवाळीत रिझर्व्हेशन मिळत नाही म्हणून वैतागतो. इथे गाडीच सुटत नाही.

परतल्यावर पहिलं बुकिंग केलं, साताऱ्याच्या एसटीचं.