शाब्बास म्हणायची वेळ

आमच्या घरात कौतुक पाठीमागे करायची पद्धत आहे. माझ्या बारावीच्या निकालाने बाबांना किती आनंद झाला, हे मला काकूकडून कळलं. तोंडावर कौतुक केलं की पोर शेफारतं, ही त्यांची पक्की समजूत. चुकलं तर मात्र लगेच सांगायचं, तिथे उशीर नाही.

अशा घरात चिंगी आली. गावठी कुत्री, ८ महिन्यांची, सोसायटीच्या पार्किंगमधून थेट तिसऱ्या मजल्यावर. खोड एकच. माणूस दिसलं की पुढचे दोन्ही पाय त्याच्या छातीवर. आजीचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, ती वॉकर धरून चालायची. एकदा ती पडता पडता वाचली आणि आईने जाहीर केलं, महिन्याभरात हे थांबलं नाही तर चिंगीसाठी दुसरं घर बघायचं.

बाबांनी वर्तमानपत्राची गुंडाळी केली. "घरात मोठं कोण ते तिला कळायला हवं."

हे 'मोठं कोण' प्रकरण लांडग्यांवरून आलंय. डेव्हिड मेच या संशोधकाच्या १९७०च्या पुस्तकामुळे 'अल्फा' लांडगा लोकप्रिय झाला. पुढे १९९९ मध्ये मेचनेच लिहिलं, की जंगलातला कळप म्हणजे साधारणपणे आईबाप आणि त्यांची पिल्लं. सत्तेच्या मारामाऱ्या दिसल्या होत्या त्या एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांमध्ये. मी हे बाबांना ऐकवलं. ते म्हणाले, "म्हणजे बापच मोठा ना?" पण गुंडाळी खाली ठेवली.

मग डबी आली. उकडलेल्या चिकनचे शेंगदाण्याएवढे तुकडे. नियम असा, की तिने उडी मारली की पाठ फिरवायची. ओरडायचं नाही, ढकलायचंही नाही, कारण तिच्या लेखी तेही लक्षच. चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी 'शाब्बास' आणि तुकडा. त्याच क्षणी म्हणजे सेकंदाभरात. ती बसली, तुम्ही डबी शोधलीत, तोवर ती उठली आणि तुकडा दिलात, तर बक्षीस उठण्याला मिळालं.

नुसत्या 'शाब्बास'ला सुरुवातीला काही किंमत नसते. शब्दामागून खाऊ येतो हे पुन्हा पुन्हा घडलं, की शब्द ऐकूनच शेपटी हलते. पाव्हलोवच्या कुत्र्यांना ठरावीक आवाज ऐकून लाळ सुटायची, तसंच हे.

पहिले चार दिवस उड्या वाढल्या. लिफ्ट येत नसली की आपण बटण आणखी जोरात दाबतो, तसं. अशा वेळी कुणी विरघळलं, तर ती एवढंच शिकते की आणखी जोरात उडी मारायची. मग 'बस'चा घोळ झाला. आई फोनवर "बस झालं आता" म्हणायची आणि चिंगी स्वयंपाकघराच्या दारात बसून खाऊची वाट बघायची. शेवटी सगळ्यांनी 'खाली' हा एकच शब्द ठरवला.

सगळ्यात अवघड गेलं ते बाबांना. चूक त्यांना पेपरमधून डोकं वर न काढता दिसते. बरोबर काय चाललंय, ते दिसायला मात्र बघत बसावं लागतं. चिंगी शांत असली की तिच्याकडे लक्ष द्यायचं कशाला, असंच आपल्याला वाटतं. आणि शिकवायची वेळ तर तीच असते.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी वॉकरची टकटक आली. चिंगी उठली. मागचे पाय ताणले गेले, अंग थरथरलं. आणि ती बसली. डबी स्वयंपाकघरात होती. पेपरमागून आवाज आला, "शाब्बास." बाबांनी स्वतःच्या ताटलीतल्या उकडलेल्या अंड्याचा तुकडा तिच्यापुढे धरला. आजी तिच्या बाजूने सावकाश पुढे गेली.

दुसरं घर बघायचा विषय पुन्हा निघाला नाही. खाऊ आता रोज मिळत नाही, कधी तिसऱ्या वेळेला, कधी सातव्या. कधी मिळेल याचा नेम नसलेलं बक्षीस सवय जास्त टिकवतं, हे बी. एफ. स्किनरने प्रयोगांतून दाखवलं. आपण दर पाच मिनिटांनी मोबाइल उघडतो, त्यामागेही बऱ्याच अंशी हेच आहे.

मागच्या आठवड्यात मी गॅसचा सिलिंडर बदलला, तेव्हा बाबा मलाही "शाब्बास" म्हणाले. पुढचं कधी मिळेल, सांगता येत नाही. मी सिलिंडरवर लक्ष ठेवून आहे.