इराला मराठीत रागावू की जर्मनमध्ये?

सोलापूर

प्रिय सुमे,

तुझं लांबलचक पत्र पोचलं. हल्ली इतकं कुणी लिहीत नाही, त्यामुळे अंगठा उमटवून मोकळं होणं बरं दिसेना. रविवार आहे, कपडे वाळत घालून झालेत, सवडीने लिहायला बसले आहे.

तर इरा तू मराठीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जर्मनमध्ये देते. पाळणाघरातल्या बाई म्हणतात, घरीही जर्मनच बोला, नाहीतर पोरीचा गोंधळ उडेल. आणि नितीनभावजी रोज रात्री ‘दोन भाषा बोलणारी मुलं अधिक हुशार’ छापाचे लेख तुला पाठवतात. मी मानसशास्त्र शिकवते म्हणून पंच मी. निकाल आधीच सांगते, मग भांडायचं तर भांड. बाईंचं चूक आहे, आणि भावजींचंही फारसं बरोबर नाही.

बाईंच्या भीतीला शंभर वर्षं झाली. १९२३ साली सेअर नावाच्या संशोधकाने वेल्समधल्या सुमारे चौदाशे शाळकरी मुलांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा बोलणारी खेड्यातली मुलं एकभाषी मुलांच्या मागे पडलेली दिसली. शहरातल्या मुलांत असा फरक दिसलाच नव्हता, म्हणजे दोष भाषांचा की खेड्यातल्या परिस्थितीचा, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते ‘दोन भाषांनी पोर मागे पडतं’ एवढंच. पुढची कित्येक वर्षं शिक्षक आणि डॉक्टर परक्या मुलखात आलेल्या आईबापांना घरची भाषा सोडायला सांगत राहिले. तुझ्या बाई त्याच परंपरेतल्या. त्यांना वाईट म्हणू नकोस, त्या बिचाऱ्या काळजीनेच बोलतात.

मग १९६२ साली माँट्रिअलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी दहा वर्षांची मुलं तपासली. फ्रेंच आणि इंग्रजी बोलणारी मुलं नुसती फ्रेंच बोलणाऱ्यांच्या पुढे! वारं फिरलं. मात्र त्यातही मेख होती. दोन्ही भाषा सारख्याच चांगल्या येणारी मुलंच त्यांनी दुभाषी म्हणून घेतली होती. दहाव्या वर्षी दोन भाषा सफाईने बोलणारं पोर मुळातच चुणचुणीत असेल, नाही का? पुढे टोरोंटोच्या एलेन बायलिस्टॉक यांनी मांडलं की दुभाषी माणूस बोलताना दुसरी भाषा सतत आवरून धरत असतो आणि या सरावाने त्याचं लक्ष अधिक ताब्यात राहतं. भावजींचे लेख इथून निघतात. पण मोठ्या गटांवर तेच प्रयोग पुन्हा केल्यावर अनेकांना तो फायदा सापडला नाही. २०१५ मध्ये अँजेला डी ब्रुइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर दाखवून दिलं की परिषदांत मांडलेल्या संशोधनांपैकी ‘फायदा दिसला’ म्हणणारीच पुढे जास्त छापली जातात, ‘काही दिसलं नाही’ म्हणणारी मागे राहतात. आता गोड बातमी कुणाला नको असते? तेव्हा इरा गणितात पुढे जावी म्हणून तिला मराठी पाजणार असाल तर नका पाजू. त्यापेक्षा गणित पाजा.

एक अभ्यास मात्र मला आवडतो, आणि तो आपल्या शेजारचा आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण पाहिले. दोन भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेली दिसली. ही गोष्ट २०१३ सालची. आधी टोरोंटोतही साधारण चार वर्षांचा फरक दिसला होता, पण तिथले बरेच दुभाषी बाहेरून येऊन स्थायिक झालेले, त्यामुळे स्थलांतराचा परिणाम कुठला आणि भाषेचा कुठला, हे सांगणं अवघड. हैदराबादेत माणूस जन्मल्या गल्लीतच तेलुगू, दखनी, हिंदी बोलायला लागतो. आणि कधी शाळेची पायरी न चढलेल्यांतही हा फरक दिसला, हे मला विशेष वाटतं. आता दवाखान्यापर्यंत पोचलेलेच रुग्ण यात मोजले गेले, म्हणून मी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. शिवाय दोनाहून जास्त भाषांनी आणखी काही पदरात पडत नाही, असंही त्यांना आढळलं. आमची भाजीवाली चार भाषांत घासाघीस करते, तिच्या दोन भाषा फुकट गेल्या म्हणायच्या!

आता एका भाषेची बाजू. तिला कुणी वकील मिळत नाही, म्हणून मीच उभी राहते. एकाच भाषेत वाढलेल्या मुलाचा त्या भाषेतला शब्दसाठा साधारणपणे मोठा असतो, चित्र दाखवलं की त्याला नाव पटकन आठवतं, शब्द जिभेवर येऊन अडकणं कमी. हे फरक बारीक असले तरी प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसतात. (दुभाषी मुलाचे दोन्हीकडचे शब्द एकत्र मोजले तर ते मागे नसतं. पण पाळणाघरातल्या बाई फक्त जर्मन शब्द मोजणार, हे लक्षात ठेव.) आणि खोलीचं म्हणशील, तर बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं, खानदेशातली आपली बोली तेवढी येत होती. तेवढ्यात त्यांनी काय काय करून ठेवलं, ते आठव. ‘जितक्या भाषा तितकं मन मोठं’ म्हणणाऱ्यांपुढे मी बहिणाबाईंना उभं करते आणि गप्प बसते.

त्यावर तू लगेच कवी बेंद्र्यांचं नाव काढशील. काढ. घरी मराठी, कविता कन्नडमध्ये, आणि १९४४ ते १९५६ मुक्काम आपल्या सोलापुरात, डी.ए.व्ही. कॉलेजात कन्नड शिकवायला. १९७३ चा ज्ञानपीठ त्यांना कन्नड कवी म्हणून मिळाला. म्हणजे दोन्हीकडे मोठी माणसं आहेत आणि या वादाचा निकाल मोठ्या माणसांवरून लागत नाही.

तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर मी जास्त थांबले. तू लिहिलंयस, ‘हल्ली मी इराला जर्मनमध्ये रागावते, म्हणजे तिला कळतं.’ सुमे, ती भाषा तू तिशीत, नोकरीसाठी शिकलीस. बार्सिलोनाच्या आल्बर्ट कोस्टा आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा एक प्रयोग आहे. रुळांवर पाच माणसं अडकली आहेत, पुलावरून एका जाड्या माणसाला खाली ढकललं तर गाडी थांबेल आणि ती वाचतील. ढकलाल का? आपल्या भाषेत विचारलं तर बहुतेक लोक शहारून नाही म्हणतात. नंतर शिकलेल्या भाषेत विचारलं की ‘हो, ढकलू’ म्हणणारे वाढतात. प्रश्न तोच, पण तो तितका आत लागत नाही. हिशेबाच्या कामाला असा थंडपणा बरा असेल, आईच्या रागाला नाही. जर्मनमध्ये रागावणारी सुमन मी ऐकलेली नाही, पण हॉस्टेलात माझ्यावर मराठीत रागावलेली चांगली आठवते. त्या रागात दहा प्रकार होते, आणि त्यातले चार तर नुसते लाडाचे.

आणि हा सगळा वाद मला इथे बसून थोडा गमतीचा वाटतो, कारण आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात कुणाला ‘तुम्ही दुभाषी आहात’ म्हटलं तर तो खिशातलं आधार कार्ड काढून दाखवेल. घरात तेलुगू, चौकात मराठी, मित्रांत दखनी, गिऱ्हाईक अक्कलकोटकडचं आलं की कन्नड. विड्या वळणाऱ्या बायका या चारही भाषांत एकमेकींची उणीदुणी काढतात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे २६ टक्के लोकांनीच दुसरी भाषा येते असं सांगितलं. मला हा आकडा कमीच वाटतो. बाजारापुरती येणारी कन्नड कोण कशाला नोंदवून घेतो?

इरासाठी मला सर्वात कामाचं वाटतं ते मात्र सांगली जिल्ह्यातलं, कर्नाटकाच्या सीमेलगतचं एक गाव. अभ्यासकांत ते ‘कुपवार’ या नावाने प्रसिद्ध आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये त्यावर लिहिलं. गावात जैन कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, आणि मराठी होतीच. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की शब्दाला शब्द ठेवत एका भाषेतून दुसरीत जाता यावं. तरी कुणी घरची भाषा टाकली नव्हती. कारण घरात घरची भाषा आणि दोन समाजांची गाठ पडली की मराठी, ही वाटणी ठरलेली होती. कुणी भाषा जतन करायला म्हणून बोलत नव्हतं. प्रत्येक भाषेची माणसं ठरलेली होती, आणि त्यांच्याशी रोज काम पडत होतं.

तंजावरचंही तेच. बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरला गेला, पण तिथली मराठी टिकली ती त्या दगडामुळे थोडीच! बाहेर सगळं तमिळ असताना तीन शतकं ती घराघरांत बोलली गेली. अनेकांना तिथे मराठी वाचता येत नाही, पण सासूशी बोलायला ती लागते.

आता तुझं घर बघ. इराच्या जगात मराठीची माणसं किती? तू. भावजी तर घरी आल्यावरही फोनवर इंग्रजीतच असतात, हे तूच लिहिलंयस. आणि तुला जर्मन येतं, हे त्या कारटीने कधीच ओळखलंय. मग ती कष्ट कशाला घेईल? पोरं आळशी नसतात, व्यवहारी असतात. तिला अशी दोन-तीन माणसं दे, ज्यांना जर्मनचा गंधही नाही आणि ज्यांच्याशी बोलल्याशिवाय तिचं भागत नाही. तुझ्या आईला रोजचा फोन लाव आणि तू स्वयंपाकघरात निघून जा, मध्ये दुभाष्यासारखी बसू नकोस. गणपतीत तिथल्या मंडळात ने, आरतीसाठी नव्हे, पोरांबरोबर दंगा करायला. उत्तर जर्मनमध्ये आलं तर ओरडू नकोस, ‘मराठीत सांग’ असं टुमणंही लावू नकोस. तू आपली मराठीतच बोलत राहा. तिला कळतंय ना? मग अर्धं काम झालंय. पाळणाघरातल्या बाईंना सांग, जर्मन शिकवायला तुम्ही आहात, आणि तुम्ही ते छान करता. हे खरंही आहे, आणि ऐकून त्या खूशही होतील.

भावजींना हे पत्र वाचून दाखवलंस तर ‘गणित पाजा’ ते वाक्य गाळ.

जानेवारीत येताय ना? गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत ये, संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक इराला दाखवू. शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या बांधून ठेवते. दुपारी आपण गप्पा मारत बसू आणि तिला खाली वाड्यातल्या पोरांत सोडून देऊ. फक्त ती पोरं भांडतात तेलुगूत. महिन्याभरात इरा तुला तेलुगूत उलट उत्तरं द्यायला लागली तर माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत, आणि तुझ्या सासूबाईंना ते आधीच सांगून ठेव.

तुझी,
वैजू