दाभोळची फेरी

सुटीत मुंबईहून गुहागरला आलेली मुले एकत्र जमली की उद्यानांची तुलना सुरू होते. १९८९ साली गोराईत निघालेल्या एस्सेल वर्ल्डच्या पाळण्यांच्या आठवणी आईबाप सांगतात. मुलांचे भांडण वेगळे. वॉटर किंगडमच्या कृत्रिम लाटा भारी, की खोपोलीजवळच्या इमॅजिकातला, २०१३ सालच्या उद्यानातला रोलर कोस्टर? कष्टकरी कुटुंबाला मात्र चौघांची तिकिटे जड जातात.

गुहागर तालुक्यात लाटा खऱ्या आहेत. हेदवीच्या बामणघळीत भरतीचे पाणी अरुंद कपारीत शिरते, कोंडते आणि कारंज्यासारखे उंच उसळते. ते लांब उभे राहूनच पाहावे. ओहोटीला हा खेळ बंद!

मग धोपाव्याला जावे. तेथून फेरीबोट वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला नेते. माणसांबरोबर मोटारीही बोटीत चढतात. उद्यानात गोष्टीसाठी देखावा उभारावा लागतो; येथे गोष्ट घडून गेलेली आहे. याच दाभोळ बंदरात माता रमाईचे वडील माशांच्या टोपल्या वाहून पोट भरीत. रमाईचे वणंद गाव पलीकडच्याच दापोली तालुक्यात. आईबाप गेल्यावर ही पोरकी लेक मुंबईला गेली आणि पुढे बाबासाहेबांच्या संसाराचा आधार झाली.

मुलांना उद्यानात जरूर न्यावे. पण एकदा या बोटीनेही न्यावे, धक्क्यावर उतरून त्या टोपल्यांची गोष्ट सांगावी आणि तसेच पुढे वणंदला जावे.